वीतभर वाकडी नळी

दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या यंत्रात वरून खाली एक नळी उतरते. प्लॅस्टिकचा पट्टा तिच्याभोवती गुंडाळला जाऊन त्याचा लांब नळा होतो, खालचं तोंड तापलेल्या पट्टीनं चिकटतं, नळीतून अर्धा लिटर दूध पडतं, वरचं तोंड चिकटतं आणि पिशवी सुटून क्रेटमध्ये जाते. आमच्या यंत्रावर हे सगळं तीन-चार सेकंदांत व्हायचं. त्या नळीचं शेवटचं वीतभर टोक वाकडं असतं आणि तोंडाशी जरा चपटं. यंत्र विकणारी कंपनी सांगत असे की हे त्यांचं संशोधन आहे. ते खोटं होतं. ते टोक कोल्हापुरात वाकलं, माझ्या पैशानं, माझ्या शेडमध्ये आणि माझ्या डोक्यानं. ‘माझ्या डोक्यानं’ या शब्दांना एका माणसाची हरकत आहे. तिच्याकडे मी येईन, पण कंपनीचा त्या हरकतीशी काडीचा संबंध नाही, हे आधी सांगून ठेवतो.

मी काही डेअरीवाल्याच्या घरात जन्मलो नाही. कागलकडच्या गावांतून सायकलला दोन कॅन अडकवून दूध गोळा करायचं आणि शहरात आणून घरोघर घालायचं, इथून माझी सुरुवात. दूध घेताना माझं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, ते म्हणजे फेस. घरची बाई चरवी हातभर उंच धरून मापात दूध ओतायची. माप भरल्यासारखं दिसायचं, आणि वर बोटभर नुसती हवा. मी म्हणायचो, “फेस बसू दे.” ती म्हणायची, म्हशी खोळंबल्यात. मी म्हणायचो, खोळंबू देत. उन्हात सायकल धरून मी उभा राहायचो, पण फेस बसून दूध मापाच्या काठाखाली गेलेलं तिला दाखवल्याशिवाय आणि वरून भर घातल्याशिवाय हलायचो नाही. त्या गावांत माझ्यामागं मला ‘फेसबसूदे’ म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या एका वाक्यावर मी सायकलचा टेंपो केला आणि टेंपोची शेड.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीतलं दूध सगळीकडे येऊ लागलं तेव्हा मी पुण्याच्या एका कंपनीकडून एका नळीचं छोटं यंत्र घेतलं. तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला मी उठलो, जिना उतरलो, रस्त्यावर येऊन पान खाल्लं, तेव्हा त्यांचा शिपाई मला बोलवायला आला. भाव उतरवला, वर तापपट्ट्यांचा एक जादा संच पदरात पाडून घेतला, आणि बोलवू तेव्हा इंजिनिअर येईल असं वचनही घेतलं. ते वचन कागदावर घेतलं नाही. मी, ज्यानं उभ्या जन्मात कुणाचा फेस मापात धरला नाही, त्या मी नुसत्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवला.

आता कोल्हापुरात पिशवीचं दूध विकायचं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही. इथं म्हैस गिऱ्हाइकाकडे येते. गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात, पेला हातात देतात, आणि माणूस तिथंच उभ्यानं पिऊन मिशीवरचा फेस पुसतो. अशा गावात मी पिशवी घेऊन फिरत होतो. एका दुकानात एका पैलवानानं माझी पिशवी हातात घेऊन उलटसुलट केली, दाबून बघितली आणि मला गंभीरपणे विचारलं, “म्हस कुठं बांधलीया?” सगळं दुकान हसलं. मी हसलो नाही.

तरी नोकरदारांच्या वसाहतींतून पिशवी खपू लागली. कट्ट्यावर जायला ज्यांना वेळ नव्हता, ती माणसं माझी गिऱ्हाइकं. पण यंत्रानं मला दगा दिला. नळी सरळ होती. दूध वरून थेट पिशवीच्या तळावर आदळायचं आणि फेसाळायचं. आमचं म्हशीचं दाट दूध, त्याचा फेसही दाट, तो चढत चढत पिशवीच्या तोंडापर्यंत यायचा. तापलेली पट्टी मिटायची ती फेसावरच. ओलं प्लॅस्टिक नीट चिकटत नसे. पिशवी बघताना चांगली दिसायची आणि दुकानात पोहोचेपर्यंत गळायची. क्रेटच्या तळाशी दुधाचं डबकं. ज्या गळत नव्हत्या त्यांतला फेस वाटेत बसायचा आणि पिशवी ढिली पडायची. मग गिऱ्हाईक ती दुकानदाराच्या तोंडासमोर हलवून म्हणायचं, “ह्येच्यात अर्धी हवा भरलीया.”

मला! उभ्या पंचक्रोशीला फेस बसवायला लावणाऱ्या मला लोक फेस विकणारा म्हणू लागले. आजही ते आठवलं की माझे कान तापतात.

कंपनीला पत्रं लिहिली. पहिल्या पत्राला उत्तर आलं की यंत्राचा वेग कमी करा. केला. पिशव्या निम्म्या झाल्या, गळती तेवढीच. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं की यंत्राची चाचणी गाईच्या दुधावर झालेली आहे आणि तुमचं दूध प्रमाणापेक्षा जास्त फेसाळ असावं. ते पत्र मी टेबलावर आपटलं तेव्हा काचेला तडा गेला. दूध प्रमाणापेक्षा जास्त फेसाळ! म्हणजे म्हशीला पुण्याला पाठवून समज द्यायची होती की काय? तिसऱ्या पत्राला उत्तर आलं नाही. ट्रंककॉल लावला तर इंजिनिअर साहेब नेहमी दौऱ्यावर.

अशाच एका दिवशी दुकानांतून परत आलेल्या गळक्या पिशव्यांच्या क्रेट मोजायचा मला कंटाळा आला. मी सगळं तसंच टाकून संध्याकाळी गंगावेशीत गेलो. तिथं एक म्हातारे गवळी होते, त्यांना मी मामा म्हणायचो. माझी त्यांची पंधरा वर्षांची ओळख, म्हणजे पंधरा वर्षांचं भांडण. ते पेला खाली धरायचे आणि धार वरून मारायचे. सर्र सर्र आवाज करत फेस पेल्याबाहेर डोकवायचा. लोकांना तोच आवडायचा. मी म्हणायचो, मामा, मी दुधाचे पैसे देतो, वाऱ्याचे नाही. ते म्हणायचे, वारा फुकट हाय, दुधाचंच घेतो.

त्या दिवशी मी गेल्या गेल्या सांगितलं, “मामा, आज फेस नको. आज फेस बघितला तरी डोकं फिरतंय.”

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग पेला तिरका धरला आणि धार तळावर न मारता पेल्याच्या कडेला मारली. दूध कडेवरून घसरत खाली गेलं. आधी माझ्या ध्यानात आली ती शांतता. आवाजच नाही. सर्र नाही की काही नाही. पेला भरला तेव्हा वर फेसाची नुसती रेघ होती.

मी दोन घोट घेतले आणि पेल्याच्या कडेकडे बघत राहिलो. मग पेला तिथंच कट्ट्यावर ठेवला आणि चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्राची नळी काढून उद्यमनगरात एका फिटरकडे नेली. त्याला म्हणालो, हिचं टोक असं वाकव की दूध खाली न पडता पिशवीच्या अंगाला लागलं पाहिजे. त्यानं तशीच दुसरी नळी घेतली, तिच्यात वाळू ठासून भरली म्हणजे वाकवताना दबत नाही, आणि तापवून वाकवली. पहिली फार वाकली, दूध प्लॅस्टिकवर आदळून उलटं उडायला लागलं. दुसरीच्या टोकानं प्लॅस्टिक खरवडलं. तिसरी चांगली होती, पण दूध बंद झाल्यावर तिच्या तोंडातून थेंब पडत राहायचे आणि ते नेमके चिकटवणीवर. आठ दिवस मी त्या फिटरच्या दुकानात स्टुलावर बसून त्याला शिव्या घातल्या आणि त्यानं मला चहा पाजला. चौथ्या नळीचं तोंड आम्ही ठोकून चपटं केलं आणि कानशीनं घासून गुळगुळीत केलं. ती लावली. दूध पिशवीच्या आतल्या अंगावरून पसरून खाली उतरलं. फेस नाही. मी त्या दिवशी भरलेल्या पिशव्यांची क्रेट जमिनीवर रिकामी करून, पिशव्यांवर पाट ठेवून त्यावर बसलो. एकही फुटली नाही.

मग दोन-तीन महिन्यांनी, सगळं सुरळीत झाल्यावर, कंपनीचा इंजिनिअर आला. माझ्या जुन्या तक्रारीवर आला होता. त्यानं यंत्र उघडलं आणि नळीकडे बघत बसला. “ही कुणी केली?” त्यानं विचारलं.

इथं माझी चूक झाली. ती कोल्हापूरच्या माणसाचीच चूक आहे. पाहुणा आला, त्यानं आपली वस्तू बघून तोंडात बोट घातलं, म्हणजे आम्ही त्याला घर उघडून दाखवतो. मी त्याला यंत्र चालवून दाखवलं, थांबवून दाखवलं, बिघडलेल्या तिन्ही नळ्या आणून पुढ्यात ठेवल्या आणि प्रत्येकीचा दोष समजावून सांगितला. घरी जेवायला नेलं. मटण, तांबडा, पांढरा, सगळं. जेवताना त्यानं विचारलं, टोक किती अंशात वाकवलंय? मी म्हणालो, ते अंश मला माहीत नाहीत. मग फिटरनं पत्र्याचा जो नमुना कापला होता तोच त्याला दिला. हात धुऊन त्यानं तो वहीच्या पानावर ठेवला आणि कडेनं पेन्सिल फिरवली. जाताना म्हणाला, शेठ, तुम्ही खरं तर इंजिनिअर व्हायला हवं होतं. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो.

मी परत आल्यावर बायको म्हणाली, “अहो, त्याला वहीत काढून कशाला घेऊ दिलंत?” मी तिच्यावर ओरडलो. तुला यंत्रातलं काय कळतं, असंही म्हणालो. ते वाक्य तिनं मला पुढं अनेक वर्षं ऐकवलं.

दीड-दोन वर्षांनी कंपनीचा विक्रेता आला. तरुण, टेरिलीनचा शर्ट, हातात चामडी बॅग, बोलायला गोड. नवं यंत्र आलंय, दोन नळ्यांचं. मला ते हवंच होतं, कारण धंदा वाढला होता. त्यानं गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक माझ्यापुढं सरकवलं. आत रंगीत चित्र, आणि चित्रात ती. वीतभर वाकडी, तोंडाशी चपटी. खाली लिहिलं होतं की कंपनीच्या संशोधन विभागानं म्हशीच्या दुधासाठी खास विकसित केलेली फेसविरहित भरणी, आणि या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केलेला आहे.

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेडमधल्या बायका काम थांबवून दाराशी आल्या. विक्रेता बिचारा पांढरा पडला. मला यातलं काहीच माहिती नाही म्हणाला, आणि त्याला खरंच माहिती नसावं. तो इंजिनिअर तर नोकरी सोडून गेलेला. संशोधन विभाग म्हणे! माझ्या घरचा रस्सा ओरपून वहीवर फिरवलेली पेन्सिल, तो यांचा विभाग.

मी वकिलाकडे गेलो. मला पैसे नको होते, हे मी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं. मला त्या कागदावरची ओळ खोडायची होती आणि तिथं लिहून घ्यायचं होतं की हे कोल्हापुरात, अमुक माणसानं केलं. वकील शांत गृहस्थ. ते म्हणाले, हरकत घेता येईल. पण दोन गोष्टी दाखवाव्या लागतील. एक, हे तुम्ही कंपनीच्या आधी केलंत. दोन, ही युक्ती तुमची स्वतःची. दोन्हीला साक्षीदार आणा.

फिटर म्हणाला, “सायब, मी दिवसाला चाळीस नळ्या वाकवतो. तुमची ध्यानात हाय, ती तुमच्या शिव्यांमुळं. पन ती दुधाची का तेलाची, हे मला कोर्टात सांगायला लावू नका.” तरी, केव्हा वाकवली तेवढं सांगतो म्हणाला. पहिली गोष्ट झाली. दुसरीसाठी मला आठवले गंगावेशीतले मामा. ज्या संध्याकाळी मला हे सुचलं, तेव्हा समोर तेच होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. नळी, इंजिनिअर, माहितीपत्रक, वकील. ते म्हशीच्या पाठीवर हात फिरवत ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, “मामा, तुम्ही एवढंच सांगायचं, की त्या दिवशी हे मला इथं सुचलं.”

“सुचलं व्हय?” ते म्हणाले. “सुचलं न्हाय, तुमास्नी दिसलं. दावलं कुनी?”

मी म्हणालो, अहो, दाखवलं तुम्ही, पण यंत्रात घालायचं माझ्या डोक्यात आलं की नाही? तुम्ही जन्मभर धार कडेला मारत आलात, तुम्ही का नाही घातली यंत्रात?

“माझ्याकडं यंत्र कुठाय? माझ्याकडं म्हस हाय.”

आजूबाजूचे दूध पिणारे हसायला लागले. माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, साक्ष द्यायची नसेल तर तसं सांगा, उगाच शब्द पकडू नका.

“देतो की साक्ष,” मामा म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. “पर खरी देनार. मालक, त्यो कंपनीचा सायब तुमच्याकडनं बघून गेला. तुमी माझ्याकडनं बघून गेलता. त्येनं निदान जेवताना तुमास्नी इचारलं तरी. तुमी पेला अर्धा ठेवून पळालता. मला वाटलं, दुधात माशी पडली का काय.”

मी त्यांच्याशी भांडलो. बघणं वेगळं, करणं वेगळं, असं मी दहा वेळा सांगितलं असेल. आठ दिवस फिटरकडे कोण बसलं? थेंब थांबवायला तोंड चपटं कुणी केलं? ते तर तुमच्या पेल्यात नव्हतं ना? ते म्हणाले, न्हवतं. तेवढं तुमचं. तेवढं मी कोर्टात बी सांगीन. आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी पेला विसळायला लागले.

वकिलांनी तोवर कागद तयार करून ठेवला होता. त्यात एक वाक्य होतं: ‘सदर रचना हरकतदारास स्वतःच्या कल्पनेने सुचलेली असून तीत अन्य कोणाचाही सहभाग नाही.’ मी पेन हातात घेतला. मग म्हणालो, हे ‘अन्य कोणाचाही’ काढा. वकील म्हणाले, ते काढलं तर मग कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल की अन्य कोण? आणि एकदा तुम्ही दुसऱ्याचं बघून केलंत असं ठरलं की तुमची हरकत लंगडी झाली. मी त्यांना म्हणालो, लंगडी तर लंगडी, पण खाली सही करून गंगावेशीतून कसा जाऊ? तो म्हातारा कट्ट्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेल. ते म्हणाले, तुमची मर्जी. कागद अजून त्यांच्याकडेच असेल, सहीविना.

मला माझी लाज वाटली असं कुणी समजू नये. मला राग आला होता, आणि राग आता दोन बाजूंना वाटला गेल्यामुळं कुठंच नीट बसत नव्हता. कंपनीला बोलायला गेलो की मामा आठवायचे, मामांना बोलायला गेलो की कंपनी.

विक्रेता पुन्हा आला तेव्हा मी त्याला सांगितलं, यंत्र घेतो. पण आधी माझ्याबरोबर एका ठिकाणी चला. त्याला घेऊन मी कट्ट्यावर गेलो. विक्रेता चामडी बॅग छातीशी धरून, शेण चुकवत उभा राहिला. मी म्हणालो, “मामा, हे कंपनीचे साहेब. नळी यांची आहे म्हणतात. काय ते तुम्ही बघून घ्या.”

मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “व्हय? या, या पावणं.” मग पेला घेतला, तिरका धरला, आणि आवाज न करता कडेनं भरला. भरून त्याच्या हातात दिला. “घ्या सायब. बघा बरं, कंपनीसारखं जमलंय का.”

विक्रेत्यानं पेल्यात बघितलं. पोरगा हुशार होता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मामांकडे, आणि मग तो हसायला लागला. दमानं सगळा पेला संपवला आणि म्हणाला, “आजोबा, कंपनीचं एवढं गोड नाही लागत.” मामा खूश झाले. त्याच्या पाठीवर थाप मारली. दोघांची तिथल्या तिथं दोस्ती झाली. तो कुठला, लग्न झालं का, घरी म्हैस आहे का, सगळी चौकशी. ज्याच्यासाठी मी त्याला तिथं आणला होता ते भांडण झालंच नाही. मी मधे दोनदा नळीचा विषय काढला. दोन्ही वेळा मामा म्हणाले, ऱ्हाऊ दे की आता, पावन्याला दूध तरी पिऊ दे.

विक्रेत्यानं पाकीट काढलं तर मामांनी हात जोडले, पाहुण्याकडून घेत नाही म्हणाले. पैसे माझ्याकडून घेतले, दोघांचे.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी त्या विक्रेत्याला घाम फोडला. भाव उतरवला, तापपट्ट्यांचे दोन जादा संच घेतले, आणि इंजिनिअर किती दिवसांत यायचा ते या खेपेला कागदावर लिहून घेतलं. माहितीपत्रकातली ती ओळ पुढच्या वर्षीही तशीच छापून आली. सौदा होताना नळीचं नाव मात्र त्यानंही काढलं नाही आणि मीही काढलं नाही.